गावाच्या आरोग्यासाठी निधी हवा आहे? संस्थेने अर्ज कसा करायचा, कुठे अडतं आणि काय तपासायचं

दुर्गम भागात फिरता दवाखाना सुरू होतो. उद्घाटनाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. दोन-तीन वर्षांनी तीच गाडी संस्थेच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. गाडी बिघडलेली नसते, निधी संपलेला असतो. पाड्यावरच्या ज्या आजीला दर महिन्याला रक्तदाबाची गोळी मिळत होती, तिची गोळी मात्र त्या दिवसापासून बंद होते.

म्हणूनच आरोग्यकामासाठी निधी मागणं हे केवळ पैसे मिळवण्याचं काम नाही. एकदा सुरू केलेली सेवा मधेच तुटणार नाही, याची तयारी अर्जातच करावी लागते. ही तयारी कशी करायची, कोणती कागदपत्रं लागतात आणि प्रस्ताव कसा लिहायचा, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- देणगीदार संस्था आधी कागदपत्रं पाहतात, मग काम. कागद अपुरे असतील तर चांगला प्रस्तावही मागे पडतो.
- प्रत्येक देणगीदाराचे नियम वेगळे असतात. एकच प्रस्ताव पन्नास ठिकाणी पाठवून उपयोग होत नाही.
- ‘आमच्या भागात आरोग्याची फार गरज आहे’ हे पुरेसं नाही. नेमकी कोणती उणीव, किती लोकांची आणि ती सरकारी यंत्रणेतून का भरून निघत नाही, हे सांगावं लागतं.
- निधी संपल्यावर काय, या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच अर्जात हवं.
- ‘फंड मिळवून देतो, आधी फी भरा’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

हा लेख कोणासाठी आहे?

गावात, वस्तीत किंवा आदिवासी पाड्यांवर आरोग्याचं काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांसाठी आणि तशी संस्था उभी करू पाहणाऱ्यांसाठी.

तुमच्या घरातल्या रुग्णाच्या उपचारासाठी मदत हवी असेल, तर मार्ग वेगळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय मदत कक्ष आणि धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा, हे तीन पर्याय आधी पाहा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा.

निधी देतं कोण?

साधारणपणे चार प्रकारचे देणगीदार असतात.

१. कंपन्यांचा सीएसआर निधी

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ५०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातली एक अट जरी पूर्ण झाली तरी ती कंपनी या नियमात येते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कामांची यादी आहे. त्यात आरोग्यसेवा, प्रतिबंधात्मक आरोग्य, कुपोषण, स्वच्छता आणि पिण्याचं सुरक्षित पाणी पहिल्याच कलमात येतं.

कंपनीने आपल्या कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदा सांगतो. त्यामुळे अडचण अशी होते की जिथे उद्योग नाहीत, तिथे सीएसआरचा पैसाही कमी पोहोचतो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा भागातल्या संस्थांनी म्हणूनच आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात कोणत्या कंपनीचं काम चालतं, ते आधी शोधावं. कंपन्यांना आपलं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प स्वतःच्या वेबसाइटवर द्यावे लागतात. कोणत्या कंपनीने कोणत्या राज्यात, कोणत्या कामावर किती खर्च केला, याची माहिती केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवरही मिळते.

२. देणगीदार न्यास आणि फाउंडेशन

टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन, रोहिणी निलेकणी फिलान्थ्रॉपीज ही माहितीतली नावं. त्याशिवाय मुंबई-पुण्यात अनेक छोटे कौटुंबिक न्यास आहेत. ते मोठी रक्कम देत नाहीत, पण कंपनीपेक्षा लवचिक असतात. पगार, प्रवास, प्रशिक्षण अशा ‘न दिसणाऱ्या’ खर्चाला ते अनेकदा तयार होतात. काही न्यास थेट अर्ज घेतात, काही स्वतःच संस्था शोधतात. हे त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय अर्ज पाठवू नका.

३. परदेशी देणगीदार

परदेशातली संस्था किंवा परदेशी नागरिक यांच्याकडून पैसे घ्यायचे असतील, तर परकीय अंशदान नियमन कायदा, म्हणजे एफसीआरए २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी आणि तिने त्या तीन वर्षांत आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के झाली आहे आणि हा निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून आपल्याला थोडा वाटा मिळेल, हा जुना मार्ग आता बंद आहे.

४. व्यक्ती, त्यात परदेशातले मराठी लोकही

गावचा मुलगा अमेरिकेत किंवा दुबईत आहे, त्याला गावासाठी काही द्यायचं आहे, असं नेहमी होतं. इथे एक फरक लक्षात ठेवा. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो मूळचा कुठल्याही गावचा असो आणि ओसीआय कार्ड असो, कायद्याच्या दृष्टीने ती परदेशी देणगी ठरते. एफसीआरए नोंदणी नसताना अशी रक्कम घेणं हा गुन्हा आहे. म्हणून पैसे खात्यात येण्याआधीच पासपोर्टची प्रत मागून घ्या. यात संकोच करायचं कारण नाही.

अर्जाआधी कोणते कागद तयार हवेत?

देणगीदार ‘छाननी’ करतात, तेव्हा साधारण ही यादी मागतात:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात सोसायटी नोंदणी कायदा १८६० खालच्या संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. त्यामुळे दोन प्रमाणपत्रं असतात, दोन्ही ठेवा.
- धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा ताजा उतारा, ज्यात सध्याच्या विश्वस्तांची नावं दिसतात.
- पॅन कार्ड आणि प्राप्तिकर खात्याची १२ए व ८०जी नोंदणी.
- मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि भरलेली प्राप्तिकर विवरणपत्रं.
- नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक.
- सीएसआरसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे.
- निधी घेण्याबाबत आणि करारावर सही कोणी करायची याबाबत विश्वस्त मंडळाचा ठराव.

यात तीन ठिकाणी हमखास अडतं.

पहिलं, चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलले, कोणी वारले, कोणी राजीनामा दिला, तर तो बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. अनेक संस्थांत ही प्रकरणं वर्षानुवर्षं पडून असतात. मग परिशिष्टावर दिवंगत अध्यक्षांचं नाव आणि करारावर नव्या अध्यक्षांची सही, असा घोळ होतो. देणगीदाराचा वकील तिथेच थांबतो.

दुसरं, १२ए आणि ८०जीची मुदत. पूर्वी एकदा मिळालेली नोंदणी चालत राहायची. २०२१ पासून ती ठरावीक मुदतीची झाली आहे. जुनं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असेल, तरी ते आज चालेलच असं नाही. मुदत कधी संपते ते आपल्या सीएला विचारा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे अर्जात कोणता उल्लेख करायचा हेही त्यांनाच विचारून घ्या.

तिसरं, अनुभवाची अट. सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. संस्था वीस वर्षं जुनी असली पण काम फक्त शाळेचं केलं असेल, तर आरोग्य प्रकल्पासाठी हा प्रश्न येतोच. म्हणून छोटी आरोग्य शिबिरं, आशाताईंची प्रशिक्षणं यांच्याही नोंदी, हजेरीपट आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. पुढे तोच तुमचा अनुभव असतो.

गरज कशी मांडायची?

बहुतेक प्रस्ताव इथे कमी पडतात. ‘आमचा तालुका मागास आहे, लोक गरीब आहेत, डॉक्टर नाहीत’ ही वाक्यं देणगीदाराने त्याच आठवड्यात दहा वेळा वाचलेली असतात. ती खरी असतात, पण त्यातून काय करायचं ते कळत नाही.

गरज तीन पायऱ्यांत मांडा.

पहिली पायरी: सरकारी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची, म्हणजे २०१९-२१ ची जिल्हावार माहितीपत्रकं मोफत मिळतात. त्यात रक्तक्षय, लसीकरण, दवाखान्यातली बाळंतपणं, कुपोषण यांचे जिल्ह्याचे आकडे आहेत. शिवाय आरोग्य केंद्रांचे लोकसंख्येचे निकष वापरा. आदिवासी आणि डोंगरी भागात ३००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० लोकांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावं, असा निकष आहे. तुमच्या तालुक्यात प्रत्यक्षात किती आहेत, ते शेजारी लिहा. दोन आकड्यांतलं अंतर हीच उणीव.

दुसरी पायरी: तुमचे स्वतःचे आकडे. जिल्ह्याच्या सरासरीत एखादा पाडा हरवून जातो. म्हणून दहा-बारा पाड्यांत घरोघरी फिरून साधी नोंद करा. मागच्या वर्षी घरात कोण आजारी पडलं, कुठे नेलं, किती खर्च आला, उपचार मधेच का थांबले? शंभर घरांची अशी प्रामाणिक नोंद दहा पानांच्या वर्णनापेक्षा वजनदार ठरते.

तिसरी पायरी: सरकार काय करतं आहे आणि कुठे थांबतं. देणगीदार हमखास विचारतो, ‘हे तर सरकारी आरोग्य केंद्राचं काम आहे, तुम्ही का करताय?’ सरकारला नावं ठेवणं हे याचं उत्तर नव्हे. यंत्रणेची साखळी नेमकी कोणत्या कडीपाशी तुटते, ते दाखवा.

एक उदाहरण: सिकलसेलच्या रुग्णांचा पाठपुरावा

समजा, सातपुड्याच्या डोंगरात काम करणारी एक छोटी संस्था आहे. (संस्था आणि तिचे आकडे कल्पित आहेत, प्रश्न मात्र खरा आहे.)

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तक्षय होतो आणि अचानक असह्य वेदना उठतात. महाराष्ट्रातल्या आदिवासी पट्ट्यात त्याचं प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट आहे.

म्हणजे तपासणीसाठी सरकारी कार्यक्रम आहे. मग आपल्या संस्थेने तपासणी शिबिरासाठी निधी मागणं म्हणजे तेच काम पुन्हा करणं होईल. पण घरोघरी फिरल्यावर संस्थेला वेगळीच गोष्ट दिसते. निदान झालेले १५० रुग्ण तिच्या भागात आहेत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू केलेल्यांपैकी बरेच जण काही महिन्यांत ते सोडून देतात. हे औषध घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. त्यासाठी तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी आणि भाडं जातं. वेदना कमी झाल्या की घरच्यांना वाटतं, आता बरं झालं. मग औषध सुटतं.

इथे उणीव नेमकी सापडली: औषध आहे, निदान आहे, पण पाठपुरावा नाही. आता प्रस्ताव एका वाक्यात सांगता येतो:

‘निदान झालेल्या १५० सिकलसेल रुग्णांचे औषध वर्षभर सुरू राहावे, यासाठी दर दोन महिन्यांनी गावाजवळ रक्ततपासणी, घरभेटी आणि आरोग्य केंद्राशी जोडणी.’

तुमच्या प्रस्तावाचं असं एक वाक्य तयार होत नसेल, तर प्रस्ताव अजून तयार नाही असं समजा.

प्रस्तावात काय काय असावं?

आधी दोन पानांचं संकल्पना टिपण पाठवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ते आवडलं तर सविस्तर प्रस्ताव मागतात. दोन्हींत हे मुद्दे येतात:

- संस्थेची ओळख: अर्ध्या पानात. संस्थापकांचा जीवनप्रवास नको, केलेलं काम हवं.
- उणीव: वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांत.
- लाभार्थी: कोण, किती, कोणत्या गावांत. ‘सुमारे ५०,००० लोकांना फायदा’ असं मोघम लिहू नका. १५० रुग्ण असतील तर १५० लिहा.
- कृती: महिन्यानिहाय काय होणार, कोण करणार.
- मोजमाप: यश कशाला म्हणायचं. ‘शिबिरं घेतली’ हे काम झालं, परिणाम नव्हे. ‘वर्षाअखेर १५० पैकी किमान ११० रुग्णांचं औषध सलग सुरू आहे’ हा परिणाम.
- सरकारी यंत्रणेशी नातं: तालुका आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचं सहकार्याचं पत्र जोडता आलं, तर प्रस्तावाचं वजन वाढतं.
- जोखीम: पावसाळ्यात रस्ता बंद, हंगामात स्थलांतर, परिचारिका नोकरी सोडून गेली तर काय. या अडचणी लपवू नका. त्या लिहिणाऱ्या संस्थेला आपला भाग माहीत आहे, हे वाचणाऱ्याला कळतं.
- निधी संपल्यानंतरची योजना.
- अंदाजपत्रक.

अंदाजपत्रक: आकडे कुठून आले ते दिसायला हवं

वरच्याच कल्पित प्रकल्पाचं एका वर्षाचं अंदाजपत्रक असं होऊ शकतं:

- गावपातळीवरचे ५ आरोग्यसाथी, दरमहा ६,००० रुपये: ३,६०,०००
- १ परिचारिका, दरमहा २०,००० रुपये: २,४०,०००
- डॉक्टरांच्या महिन्यात २ भेटी, प्रत्येकी ५,००० रुपये: १,२०,०००
- रक्ततपासणी, १५० रुग्ण, वर्षात ६ वेळा, २०० रुपये: १,८०,०००
- रुग्णांचा प्रवास, १५० रुग्ण, ६ वेळा, १५० रुपये: १,३५,०००
- प्रशिक्षण: ४०,०००
- नोंदी, फोन, छपाई: ४५,०००
- हिशेब आणि लेखापरीक्षण: ६०,०००
- एकूण: ११,८०,००० रुपये

म्हणजे एका रुग्णामागे वर्षाला साधारण ७,८७० रुपये. हा आकडा स्वतःच काढून द्या, नाहीतर समोरचा काढतोच. औषध सरकारी केंद्रातून येणार असेल, तर तसं स्पष्ट लिहा. त्याने खर्च का कमी दिसतो ते कळतं.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

एक, पगार मागायला लाजू नका. आरोग्यकाम माणसं करतात, गाड्या नाहीत. केवळ यंत्रं आणि गाडी मागायची, पण चालक, डिझेल, परिचारिका यांचा खर्च ‘संस्था बघून घेईल’ असं लिहायचं, तर सुरुवातीला सांगितलेल्या ताडपत्रीखालच्या गाडीची तयारी आपणच करतो.

दोन, ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के’ असं अनेकदा ऐकवलं जातं. हा नियम नीट समजून घ्या. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने आपला सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरला जात नाही. तुमच्या परिचारिकेचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे. कंपनीचं स्वतःचं धोरण याहून कडक असू शकतं, पण तो कायदा नाही. तेवढं नम्रपणे विचारता येतं.

आरोग्याच्या कामाचे वेगळे नियम

शाळेला बाक देणं आणि गावाला सोनोग्राफी मशीन देणं यात फरक आहे. देणगीत मशीन मिळालं, म्हणून ते लगेच वापरता येत नाही.

- सोनोग्राफी मशीनसाठी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे पीसीपीएनडीटी १९९४ खाली नोंदणी लागते. फिरत्या गाडीत ते बसवायचं असेल, तर नियम आणखी कडक आहेत.
- रुग्ण दाखल करून घेणार असाल, तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंद हवी.
- सुया, कापूस, रक्ताचे नमुने यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे करावी लागते. तिचा खर्च अंदाजपत्रकात धरा.
- औषध कोण लिहून देणार, ते नाव आणि नोंदणी क्रमांकासह ठरलेलं हवं.
- रुग्णांचे फोटो. देणगीदाराला अहवाल हवा असतो, संस्थेला पोस्ट टाकायची असते. पण कुपोषित बाळाचा किंवा सिकलसेलच्या मुलीचा चेहरा आजाराच्या नावासह सोशल मीडियावर टाकला, की तो कायमचा तिथे राहतो. सिकलसेल आनुवंशिक असल्यामुळे उद्या त्या मुलीच्या लग्नातही तो फोटो आडवा येऊ शकतो. लेखी संमती घ्या, ती तिच्या भाषेत समजावून घ्या आणि शक्य असेल तिथे चेहरा न दाखवता काम दाखवा. ‘फोटो दिला नाही तरी उपचार मिळतीलच’ हे आधी सांगा. नाहीतर ती संमती म्हणजे केवळ नाइलाज असतो.

निधी संपल्यावर काय?

प्रत्येक देणगीदार हा प्रश्न विचारतो आणि बहुतेक अर्जांत ‘लोकसहभागातून प्रकल्प चालू ठेवू’ एवढंच उत्तर असतं. ज्यांना बसभाडं परवडत नाही, ते परिचारिकेचा पगार देतील, हे कोणालाच पटत नाही.

याची प्रामाणिक उत्तरं तीन प्रकारची असू शकतात. प्रकल्पाचा काही भाग सरकारी यंत्रणा उचलेल. किंवा कौशल्य गावातच राहील, म्हणजे बाहेरचा माणूस गेला तरी काम चालेल. किंवा पुढच्या टप्प्यासाठी दुसरा देणगीदार शोधावा लागेल, आणि त्यासाठी अठराव्या महिन्यापासून प्रयत्न सुरू करू. तिसरं उत्तरही चालतं, फक्त ते उघडपणे लिहिलेलं हवं.

पहिल्या दोन उत्तरांचं महाराष्ट्रातलं ठसठशीत उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. सेवा सुरू करण्याआधी १९९३ ते १९९५ या काळात त्यांनी मृत्यूंची नोंद ठेवली. सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने आशाताईंमार्फत नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

प्रत्येक छोट्या संस्थेकडून संशोधनाची अपेक्षा कोणी करत नाही. पण यातून दोन गोष्टी घेता येतात. काम सुरू करण्याआधीची स्थिती मोजून ठेवा, कारण नंतर ती मोजता येत नाही. आणि कौशल्य गावातल्या माणसाच्या हातात द्या, कारण निधी संपला तरी ती माणसं गावातच असतात.

अर्ज पाठवला, पुढे?

वेळ पाळा. कंपन्यांचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सीएसआर समिती वर्षाचा आराखडा मंडळाकडे मंजुरीसाठी ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘पैसे खर्च करायचे आहेत, लगेच प्रस्ताव द्या’ असे फोन येतात. अशा वेळी एकदाच होणारी खरेदी चालते, पण वर्षभराची सेवा घाईत स्वीकारू नका. अनेक वर्षांच्या प्रकल्पासाठी कायद्यात सोय आहे. सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर होऊ शकतो. आरोग्यकामासाठी तशीच मागणी करा.

मंजुरी मिळाली की करारनामा नीट वाचा. पैसे किती हप्त्यांत येणार, पहिला हप्ता कधी, पुढच्या हप्त्यासाठी कोणता अहवाल आणि विनियोग प्रमाणपत्र लागणार, खरेदी केलेलं यंत्र कोणाच्या मालकीचं, मधेच निधी थांबला तर किती दिवस आधी कळवणार? शेवटची अट बहुतेक करारांत अस्पष्ट असते. रुग्ण औषधावर असतील, तर किमान तीन महिन्यांची सूचना मागा.

नकार आला, तर एका ओळीत कारण विचारा. सगळे उत्तर देत नाहीत. पण ‘आम्ही तुमच्या जिल्ह्यात काम करत नाही’ आणि ‘तुमचे आकडे पटले नाहीत’ या दोन नकारांत फरक आहे. पहिल्यासाठी पत्ता बदला, दुसऱ्यासाठी प्रस्ताव.

फसवणूक कशी ओळखायची?

फेसबुक आणि टेलिग्रामवर ‘संस्थांसाठी कोट्यवधींचा सीएसआर फंड उपलब्ध’ अशा जाहिराती फिरतात. ही लक्षणं दिसली की थांबा:

- फाइल चार्ज, प्रोसेसिंग फी किंवा ‘आगाऊ जीएसटी’ मागतात.
- मंजूर रकमेतला काही टक्के हिस्सा रोख परत द्यायला सांगतात. हा थेट गैरव्यवहार आहे आणि सही तुमची असते.
- कंपनीचं नाव मोठं, पण ईमेल साध्या मोफत खात्यावरचा.
- संस्थेच्या कोऱ्या लेटरहेडवर सह्या किंवा डिजिटल सही मागतात.
- संस्थेचं काम न विचारता फक्त १२ए, ८०जी आहे का एवढंच विचारतात.

खऱ्या देणगीदाराला तुमचं काम पाहायचं असतं. तो गावात येतो, रुग्णांशी बोलतो, नोंदवही चाळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

संस्था नवी आहे, तीन वर्षं झालेली नाहीत. काय करावं?
व्यक्तिगत देणग्या आणि छोटे कौटुंबिक न्यास यांच्यापासून सुरुवात करा, किंवा अनुभवी संस्थेच्या प्रकल्पात भागीदार व्हा. पैसे कमी असले तरी हिशेब आणि नोंदी पहिल्या दिवसापासून चोख ठेवा.

प्रस्ताव इंग्रजीतच लागतो का?
मोठ्या कंपन्या आणि फाउंडेशन बहुधा इंग्रजीत मागतात. आधी मराठीत स्वच्छ लिहा, मग भाषांतर करून घ्या. मराठीत जे स्पष्ट नाही, ते इंग्रजीत स्पष्ट होत नाही.

देणगीदाराला ८०जीची साधी पावती पुरते का?
नाही. संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये भरून देणगीदाराला प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याची मुदत ३१ मे असते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही.

प्रस्ताव लिहून देणाऱ्याला पैसे द्यावेत का?
ठरलेलं मानधन देऊन मदत घेणं ठीक आहे. मिळणाऱ्या निधीवर टक्केवारी मात्र कबूल करू नका. तो पैसा रुग्णांच्या नावाने आलेला असतो.

आजपासून काय सुरू करता येईल?

या आठवड्यात परिशिष्ट एकचा उतारा आणि १२ए-८०जीची मुदत तपासा. या महिन्यात शंभर घरांची नोंद पूर्ण करा आणि आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून त्यांना कुठे मदत हवी आहे ते विचारा. त्यानंतर तुमच्या प्रकल्पाचं ते एक वाक्य लिहा: कोणासाठी, काय आणि किती. अर्जाचा बाकीचा मजकूर त्या वाक्यामागोमाग येतो.